ओझं आधी उतरवू, मनाचं मग बोलू

(दिव्यांग मुलांच्या पालकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं)

पत्रांत सगळ्यांनी एकच शब्द लिहिला आहे : ताण. पत्र पुढे वाचत गेलं की तो शब्द उकलतो. कुठे अपुरी झोप निघते, कुठे दुखरी पाठ, कुठे महिनाअखेरीला न जुळणारा हिशेब. म्हणून उत्तरांतही आम्ही आधी तिथेच हात घातला आहे. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढले आहेत.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिझम. साडेनऊला झोपतो, रात्री दोनला उठतो आणि पाचपर्यंत जागा राहतो. उड्या मारतो. खालचे तक्रार करतात म्हणून मी मोबाइल देऊन बसवते. मिस्टर सकाळी साडेसातला हिंजवडीला निघतात, त्यांना उठवत नाही. दिवसा त्याच्यावर ओरडते, कधी हात उठतो, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. सगळे सांगतात, स्वतःसाठी वेळ काढ, योगा कर. — एक आई, धायरी

उत्तर : योगा तूर्त राहू द्या. रोज रात्री तीन तास जागणाऱ्या माणसाला सकाळी लवकर उठून आसनं करायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला शतपावली सांगण्यासारखं आहे. तुमचं ओरडणं हा बहुतांशी झोपेचा प्रश्न आहे, आणि झोप वाटून घेता येते.

बरीच घरं रात्रीचे दोन भाग करतात. एकाने दोनपर्यंत सांभाळायचं, दुसऱ्याने दोननंतर. तुमच्या घरी हे चालणार नाही, कारण मुलगा बरोबर दोनलाच उठतो आणि सगळं जागरण एकाच्याच वाट्याला येतं. तुम्ही रात्री वाटून घ्या. शुक्रवार, शनिवार आणि मधली एक, म्हणजे मंगळवार, या तीन रात्री वडिलांच्या. ज्याची पाळी त्याने मुलाच्या खोलीत झोपायचं. दुसऱ्याने हॉलमध्ये, दार लावून, कानात बोळे घालून झोपायचं. दार लावणं महत्त्वाचं आहे. नाहीतर ‘तुम्ही झोपा, मी बघते’ म्हणत तुम्हीच उठाल आणि आठवड्याभरात गाडी मूळपदावर येईल. तुमच्या पाळीच्या रात्री मुलाबरोबर साडेनऊलाच आडवं व्हायचं. म्हणजे दोनपर्यंत साडेचार तास सलग मिळतात, आणि सलग झोपेला तुकड्यांच्या झोपेपेक्षा मोल जास्त. ओट्यावरची भांडी त्या दिवशी मिस्टरांची.

आता मुलाकडे वळू. रात्री उठण्यामागे शरीराचं काही कारण नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांकडून आधी तपासून घ्या. बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, नाक चोंदून घोरणं, कानाचं दुखणं, यांतलं काहीही असू शकतं. बोलून न सांगता येणाऱ्या मुलांत ही कारणं वर्षानुवर्षं निसटतात. अंगात लोहाचा साठा कमी असला की पाय वळवळतात आणि झोप मोडते. त्यासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी करायला सांगा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो. मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, काही मुलांना उपयोगी पडतं, पण डोस आणि वेळ डॉक्टरांनी ठरवायची. दुकानातून गोळी आणून करून बघायची ही गोष्ट नव्हे.

सवयीचा भाग पुढचा. दुपारची झोप तीनच्या आत संपवा. झोपायच्या आधी तासभर स्क्रीन बंद. दोनला उठला तर दिवा लावायचा नाही, खायला द्यायचं नाही आणि मोबाइल तर अजिबात नाही. ‘झोपायची वेळ’ एवढे दोनच शब्द, दर वेळी त्याच सुरात. खाली आवाज जातो म्हणून त्याच्या खोलीत जाड गादी किंवा जिममध्ये अंथरतात तसे फोमचे तुकडे टाका आणि खालच्यांना आधीच सांगून ठेवा की पुढचे दहा-बारा दिवस त्रास थोडा वाढेल. तो खरंच वाढतो. मोबाइल बंद झाला की पहिल्या काही रात्री मूल जास्त जोर लावतं. नेमकं चौथ्या रात्री आईबाबा हरतात आणि मोबाइल देतात. मग मूल शिकतं ते हे, की पुरेसा वेळ ओरडलं तर मिळतो. असं झालं की सवय आधीपेक्षा घट्ट बसते. म्हणून सुरुवात लागून सुट्ट्या असतील तेव्हा करा. मध्येच आजारपण आलं तर सरळ थांबा, बरा झाला की पुन्हा पहिल्यापासून. आणि हो, बाहेरच्या दाराला त्याचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी बसवा, दाराला घुंगरू बांधा. रात्री जागणारी मुलं कधीकधी दार उघडून निघून जातात.

दिवसाच्या भडक्यासाठी दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तीनच ओळी : आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. वेळ टाकायला विसरू नका. पंधरा दिवसांनी वही वाचली की बहुधा दोन-तीन जागाच पुन्हापुन्हा दिसतात. मिक्सरचा आवाज, शाळेची व्हॅन आणि जेवण यांच्यामधला भुकेला अर्धा तास, खेळ अचानक थांबवणं, असं काहीतरी. त्या जागा बदलणं सोपं असतं. चटणी तो शाळेत असताना वाटायची, व्हॅनमधून उतरताच हातात केळं द्यायचं.

आणि तुमचा हात उठतो तो क्षण. मूल सुरक्षित आहे एवढं बघा, दोन पावलं मागे सरा आणि श्वास सोडा. चार अंकांत घ्यायचा, सहा अंकांत सोडायचा, असं दहा वेळा. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवला की हृदयाचे ठोके उतरतात, म्हणून हे काम करतं. नुसता ‘खोल श्वास घे’ म्हटलं की माणसं जोरात श्वास आत ओढतात आणि गरगरायला लागतं. हे भडका नसताना रोज दोनदा करून ठेवा. ऐन वेळी पहिल्यांदा केलेलं जमत नाही. मारलं गेलंच तर नंतर मुलाला जवळ घेऊन ‘आई चुकली’ एवढं म्हणा. त्याला कळत नाही असं धरून चालू नका.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. मूल झोपलं असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर ते नुसतं थकणं नाही. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ‘मी नसले तर बरं’ किंवा ‘याला घेऊनच संपवावं’ असा विचार एकदा जरी आला असेल तर तो आजच मिस्टरांना सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्या क्षणी घरात एकट्या असाल आणि स्वतःला आवरणं कठीण वाटत असेल तर शेजारच्यांचं दार वाजवा, ११२ लावा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, वजन २४ किलो. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पत्नीची पाठ गेली आहे, पण ती माझ्याशिवाय कोणाला मुलीला हात लावू देत नाही. माझी शिफ्टची नोकरी. चिडचिड दोघांचीही. — एक वडील, भोसरी

उत्तर : अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संस्थेने रुग्णाला हातांनी उचलणाऱ्यांसाठी जी मर्यादा सुचवली आहे ती साधारण १६ किलोंची आहे, तीही उचलणं सरळ, अंगाजवळ आणि विनाझटक्याचं असेल तर. तुमची मुलगी त्याच्या दीडपट आहे आणि अजून वाढणार आहे. तेव्हा ‘नीट उचलायला शिका’ हे अर्धंच उत्तर झालं. उचलणंच कमी करायला हवं.

एक दिवस मोजा. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासला, आंघोळीला, परत, जेवायला. पंधरा-वीस वेळा सहज होतं. आता एकेक गाळा. आंघोळीसाठी चाकांची, मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची घेतली तर संडास आणि आंघोळ एकाच बैठकीत होते आणि तीन-चार उचलणी वाचतात. त्याआधी बाथरूमच्या दाराची रुंदी आणि उंबरठ्याची उंची मोजून न्या. खुर्ची आणून दारात अडकलेली आम्हाला नेहमी कळते. पलंग कपडे बदलणाऱ्याच्या कमरेइतका उंच हवा. साध्या पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले तरी चालतं, फक्त ठोकळ्याला खाच हवी, नाहीतर पाय सरकतो. उंची वाढली की कडेला कठडाही हवा.

पलंगावरून व्हीलचेअरमध्ये नेताना खुर्ची पलंगाला तिरपी लावा, ब्रेक लावा, पायाच्या पट्ट्या बाजूला करा आणि त्या बाजूचा खुर्चीचा हात निघत असेल तर काढा. मुलीला आधी सांगा, मग स्पर्श करा, मग ‘एक, दोन, तीन’. अचानक ओढलं की स्नायू आणखी ताठरतात आणि तेच वजन दुप्पट वाटतं. आधार दिल्यावर ती पायांवर थोडा जरी भार घेत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून उभं करून वळवण्याची पद्धत शिकून घ्या. पायांवर भार घेता येत नसेल तर दोघांनी चादरीवरून सरकवायचं किंवा सरकपट्टी वापरायची. जिन्यावरून तिला कडेवर घेऊन एकट्याने उतरू नका. बेल्ट लावलेल्या मजबूत खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचं, तिचं तोंड जिन्याच्या खालच्या दिशेला, पाठ वरच्या माणसाकडे. एक जुनी व्हीलचेअर खाली पार्किंगमध्ये कायम ठेवा, म्हणजे मुलगी आणि खुर्ची दोन्ही वाहावं लागणार नाही. तळमजल्यावरचं भाड्याचं घर मिळालं तर स्वतःचं तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याने देऊन टाका. हे ऐकायला जड वाटतं, पण पाठीचं ऑपरेशन त्याहून जड.

पत्नी कुणाला हात लावू देत नाही याचा अर्थ ती हट्टी आहे असा काढू नका. मुलीचा घास कसा भरवायचा, कुठल्या बाजूला कलंडली की ठसका लागतो, हे सगळं एकट्या तिच्या डोक्यात आहे. ते कागदावर उतरवा. एका पानावर : खाणं किती पातळ, बसताना मान कशी, फिट येत असेल तर कधी काय करायचं, रडण्याचे तीन प्रकार आणि त्यांचे अर्थ. मग एक मावशी किंवा आत्या ठरवा आणि चार भेटींत काम सोपवा. पहिल्या दिवशी ती नुसती बघेल. दुसऱ्या दिवशी आई करेल, ती हात लावेल. तिसऱ्या दिवशी ती करेल, आई शेजारी बसेल. चौथ्या दिवशी आई वीस मिनिटं खाली सोसायटीच्या बाकावर बसेल, फोन हातात घेऊन. पहिल्याच दिवशी ‘तू जाऊन ये चार तास’ म्हटलं की आई तासाभरात धापा टाकत परत येते आणि मग कधीच जात नाही.

प्रश्न : नातू आठ महिन्यांचा, डाउन सिंड्रोम आहे. सून हसत नाही. घरी येणाऱ्या बायका विचारतात, गरोदरपणी काही चुकलं का, ग्रहण पाळलं नव्हतं का. मी काय बोलू? — एक आजी, शनिवार पेठ

उत्तर : आजी, तुम्ही दारातच बोला, सुनेला बोलायची वेळ येऊ देऊ नका. ‘एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत आली आहे, ती बीज तयार होतानाच येते. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही. चहा घेणार ना?’ एवढं पुरतं. शंभरातल्या सुमारे नव्व्याण्णव मुलांत हे आईवडिलांकडून वारशाने आलेलंही नसतं.

घरात तीन गोष्टी सांभाळा. रोज ‘थेरपीवाली काय म्हणाली?’ विचारू नका, ती आपणहून सांगेल. आठवड्यातल्या दोन दुपारी, वार ठरवून, बाळ तुमच्याकडे घ्या. ‘लागेल तेव्हा सांग’ म्हटलं तर सून कधीच सांगत नाही. आणि बाळाचं मालिश, न्हाणं, बाळगुटी याबद्दल डॉक्टरांना विचारून मगच काय ते करा. या मुलांचे स्नायू आणि सांधे सैल असतात, मान तर जपायलाच हवी. हृदयाची सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी झाली आहे का, एवढं मुलाला विचारून घ्या. सून महिनोन् महिने अशीच राहिली तर बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर औषध आहे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारंही आहे. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य तेवढं टाळा.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलासाठी आठवड्याला नऊ सेशन्स चालू आहेत, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच, बिहेवियर, स्पेशल एज्युकेशन. शिवाय चौघांचा घरचा प्रोग्राम. पगाराचा तिसरा हिस्सा जातो. एका ठिकाणी स्टेम सेलचं काही लाखांचं पॅकेज सांगितलं आहे. नाही घेतलं तर मुलाचं नुकसान करतोय असं वाटतं. — एक वडील, कोथरूड

उत्तर : पॅकेज घेऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक आजारांत, रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणापुरताच आहे. बाकी सगळं संशोधन या सदरात येतं आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, तिथेच उत्तर मिळालं. अंगातले धातू काढून टाकण्याचे किंवा दाबाखालच्या ऑक्सिजनचे ऑटिझमवरचे उपचारही त्याच टोपलीत टाका.

नऊ सेशन्सचं काय? चौघांना एकत्र, निदान एका फोनवर घ्या आणि विचारा, पुढच्या तीन महिन्यांत मुलाच्या रोजच्या जगण्यात कोणते दोन बदल दिसायला हवेत? ‘सेन्सरी सुधारेल’ हे उत्तर नव्हे. ‘पाणी हवं असेल तर चित्राकडे बोट दाखवेल’, ‘चड्डी स्वतः वर ओढेल’ ही उत्तरं. त्या दोन गोष्टींना हातभार न लावणारी सेशन्स तीन महिने बाजूला ठेवा. घरचा प्रोग्राम वेगळा तास लावून करू नका. आंघोळ, जेवण, कपडे यांतच बसवा. पाणी मागण्याचा सराव तहान लागल्यावरच होतो, टेबलावर कार्ड मांडून नव्हे. एखादी थेरपी थांबवायची भीती वाटत असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघा. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. ज्यांच्याकडे आहे ते लगेच सांगतात.

आता येणारे पैसे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज घरूनच भरा. तपासणीसाठी ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय अशा ठिकाणी जावं लागतं. त्या दिवशी मुलाचा डबा, आवडीचं खेळणं, कानावर लावायचे हेडफोन आणि जुन्या अहवालांच्या दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. दोघांनी जा, एक रांगेत आणि एक बाहेर झाडाखाली. लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं असतं. मुदतीची तारीख घरी येताच कॅलेंडरवर लिहा. ती उलटून गेल्यावर कळणं हा पुण्यातला नित्याचा प्रकार आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आधीच्या आजारामुळे नकार नाही, आणि थेरपीच्या खर्चाचाही ठरावीक मर्यादेपर्यंत परतावा मिळतो. दर सेशनची तारीख आणि सही असलेली पावती लागते, वर्षाअखेरीला एकत्र मागितली तर बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. प्राप्तिकरात जुन्या करप्रणालीत ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे : दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते. ८०यू ही स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्याची वजावट, ती आणि ही एकच समजून फॉर्म चुकवणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : मुलगा साडेसतरा वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. आम्ही दोघं साठीकडे. ‘आमच्यानंतर काय’ याने रात्री झोप लागत नाही. — आईवडील, सहकारनगर

उत्तर : या एका प्रश्नात निदान चार प्रश्न आहेत. सही कोण करणार, पैसे कुठून येणार, तो राहणार कुठे, आणि त्याची काळजी घेणाऱ्याला त्याच्याबद्दल काय माहीत असणार. एकत्र पाहिले की भीती वाटते, सुटे केले की कामाला लागता येतं.

सही : अठरा पूर्ण झाल्यावर तुम्ही आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पण आधी पाहा, खरंच लागतो का. तो स्वतः बँकेत सही करू शकत असेल, साधे निर्णय सांगू शकत असेल तर त्याचं खातं त्याच्याच सहीने चालू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, त्यात निर्णय त्याच्याबरोबर मिळून घ्यायचा असतो.

पैसे : मृत्युपत्र करा. बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, मालकच होतो असं नाही, यावरून भावंडांत कज्जे झालेले आहेत. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर दिव्यांग अपत्याच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची नोंद तुमच्या हयातीतच कार्यालयात करून घ्या.

घर : निवासी संस्था बघायची तर जेवणाच्या वेळी जा, न कळवता. किती मुलांमागे रात्री किती माणसं, हे विचारा. मग दोन दिवस, आठवडा, पंधरवडा असं राहून पाहू द्या. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ (आता ‘समर्थ-कम-घरौंदा’) योजनेत तात्पुरत्या निवासाची सोय आहे. जागा उपलब्ध आहे का, हे पुण्यातल्या नोंदणीकृत संस्थांकडून कळेल. या मुक्कामाच्या दिवसांत तुम्ही दोघं कोकणात जा किंवा नुसते झोपा. भेटायला मात्र जाऊ नका, नाहीतर तो मुक्काम धरत नाही.

चौथं काम याच आठवड्यात होतं. एक शंभरपानी वही घ्या. औषधं आणि त्यांच्या वेळा, डॉक्टरांचं नाव, कशाची भीती वाटते, कुठल्या बाजूने दाढी केलेली चालते, भातात वरण आधी की तूप आधी, पावसाळ्यात वीज कडाडली की काय म्हणायचं. लिहायला त्यालाही शेजारी बसवा, बरंच तो स्वतः सांगेल. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला वही उघडायची, चुकीचं झालेलं खोडायचं. एक झेरॉक्स त्याच्या काकांकडे.